अडकलेल्या खेळांचे काका

ठाण्याच्या नौपाड्यात मी चार वर्षं ज्यांच्याकडे भाड्याने राहिलो, ते काका पाण्याची टाकी आणि ब्राउझर यांत फारसा फरक करत नसत. दोन्हींच्या तळाशी गाळ साचतो, दोन्हींचं झाकण उघडायचा माणसं कंटाळा करतात, आणि दोन्हींबद्दलची तक्रार शेवटी चुकीच्या माणसाकडे जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यांची सगळी नोकरी पालिकेच्या पाणीखात्यात झाली. कोणत्या गल्लीतला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की तिसऱ्या मजल्यावर धार येते, हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि दोन-तीन वर्षांत आधी आमच्या इमारतीतले, मग गल्लीतले आणि पुढे पार टेंभी नाक्यापर्यंतचे अडकलेले खेळ त्यांच्याकडे येऊ लागले.

खेळ म्हणजे लुडो, कॅरम, रंगीत गोळ्या फोडायचे, शेतात वांगी लावायचे, असे ब्राउझर उघडून खेळायचे निरुपद्रवी खेळ. एके दिवशी फासा पडत नाही, वांगं उगवत नाही, मध्येच एक गोल चक्र फिरत राहतं. अशा वेळी माणसं आधी इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करतात आणि मग काकांकडे येतात. काकांचं औषध एकच होतं. कॅशे साफ करणं.

ब्राउझर कुठलंही पान उघडलं की त्यातली चित्रं आणि बाकीचे तुकडे स्वतःजवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी सगळं नव्याने मागवावं लागत नाही. या साठ्याला कॅशे म्हणतात. खेळ बनवणारे अधूनमधून खेळ बदलतात. नवे तुकडे येतात, जुने जागा सोडत नाहीत, आणि दोघांच्या भांडणात फासा हवेत राहतो. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला असल्यामुळे हे मला माहीत होतं. काका याला 'लाइनीत जुनं पाणी राहिलंय' म्हणत. आमच्या कंपनीतल्या कुठल्याही सादरीकरणापेक्षा हे लवकर समजायचं, हे मी तिथे कधी बोललो नाही.

दुसऱ्याच्या माऊसला ते हात लावत नसत. "हात तुमचा, तोंड माझं," असं आधीच सांगत आणि मागे स्टुलावर बसत. मग चौकशी. कधीपासून अडकतंय? एकदम बंद पडलं की हळूहळू? शेवटचं नीट कधी चाललं होतं? खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू वैतागून म्हणायच्या, "अहो, लुडो बंद पडलाय, माझं पोट नाही." काका म्हणायचे, "पोटाचंही असंच विचारतात." त्यानंतर एक तांब्या पाणी मागवून ते सावकाश पीत. चहा चालायचा नाही. चहाने माणूस घाईत येतो, असा त्यांचा अनुभव होता.

घरी जाताना प्रत्येकाला कॅलेंडरच्या पानामागे वळणदार अक्षरात लिहिलेला कागद मिळे. आमच्या इमारतीत तो बऱ्याच फ्रिजांवर चिकटवलेला होता. मजकूर असा: 'घाई नको. वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, तिथून आत जावे. तीन चौकोन दिसतील. पहिल्यात आपला इतिहास असतो. तो आपल्याला माहीत असतो. दुसऱ्यात ओळख असते. तिला हात लावू नये. तिसऱ्यात गाळ असतो. खूण तिसऱ्यात करावी. फक्त तिसऱ्यात.'

दुसऱ्या चौकोनात कुकीज असतात. हा माणूस मागेही येऊन गेलाय, त्याचा डाव इथवर आलाय, अशा ज्या चिठ्ठ्या ती साइट आपल्याच मशीनवर ठेवून देते, त्या. ज्याने साइटवर रीतसर नाव नोंदवलंय त्याचं त्या पुसून काही बिघडत नाही, तो पुन्हा नाव घालून आत येतो. पण काका कुठेच नाव नोंदवत नसत. "नळावर पाणी प्यायला कोणी नाव विचारतं का?" हा त्यांचा सवाल असे. त्यामुळे सगळीकडे ते पाहुणे म्हणून जात, आणि साइट देईल तो आकडा नावासारखा वापरत.

लॉकडाऊनमधल्या गणपतीत आमच्या सोसायटीने ऑनलाइन लुडो स्पर्धा ठेवली. अध्यक्षांच्या भाच्याने स्पर्धेचं पान तयार करून दिलं आणि माथ्यावर मामांचा फोटो टाकला. फेटा बांधलेला, हात जोडलेले, मागे गणपती. फोटोत गणपतीपेक्षा अध्यक्ष मोठे होते. कमिटीत कुरबुर झाली आणि दुसऱ्याच दिवशी फोटो काढून नुसता गणपती ठेवला गेला. हे अध्यक्षांना कोणी सांगायचं, यावर एकमत होईना. आणि तशी गरजही पडली नाही, कारण त्यांच्या ब्राउझरने तो फोटो जपून ठेवला होता आणि पान उघडलं की त्यांना तोच दिसत होता. जिन्यात भेटेल त्याला ते मास्क खाली करून सांगत, "मी नको म्हणत होतो. पण कार्यकर्त्यांचा आग्रह." लोक माना डोलावत.

त्यांना सांगायला हवं, असं मी काकांना म्हणालो.

"कशाला? तो फोटो बघणारा अख्ख्या इमारतीत एकच माणूस आहे आणि तो खूश आहे."

पाचव्या दिवशी अध्यक्षांचा फासा पडेना. लॅपटॉप घेऊन ते स्वतः आले. काकांनी नेहमीची चौकशी केली, पाणी प्यायले, आणि मग कधी नव्हे ते एक सूचना दिली. "साफसफाई झाल्यावर काही गोष्टी पूर्वीसारख्या दिसणार नाहीत."

"मी बदलाचं स्वागत करणारा माणूस आहे," अध्यक्ष म्हणाले.

तिसऱ्या चौकोनात खूण झाली, पान पुन्हा उघडलं. अध्यक्ष बराच वेळ गणपतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फासा पडतोय," आणि लॅपटॉप मिटून खाली गेले.

मला हसू आवरत नव्हतं. काका मात्र हसले नाहीत. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. आपल्याला काढलंय हे माणसाला उशिरा आणि असं आडून कळलं की फार लागतं."

एका फोटोसाठी एवढं काय, असं मला वाटलं. पत्रिकेची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती.

ती मला काकांच्या पुतणीने सांगितली. ती लग्न होऊन कल्याणला राहायची, नोकरी ठाण्यात. शनिवारी ऑफिस सुटलं की डबा घेऊन काकांकडे यायची, त्यांच्या औषधांच्या तारखा बघायची आणि माझ्या खोलीत डोकावून "अरे, जेवतोस ना वेळेवर?" असं विचारून जायची. तिचे बाबा म्हणजे काकांचे थोरले बंधू डोंबिवलीत. ते छापखान्यात प्रूफं तपासायचे. आयुष्यभर लोकांच्या चुका पकडून त्यांच्याशेजारी लाल खूण करणं, हे त्यांचं काम.

"आणि माझ्याच लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी घोळ घातला," ती म्हणाली. "खाली 'आपले विनीत' म्हणून सगळ्यांची नावं असतात बघ. मामा, मावसे, आत्याचे यजमान, सगळे होते. काकांचं नाव नव्हतं. टाइप करताना एक ओळ गेली आणि प्रूफ बाबांनीच पास केलेलं."

काकांनी लग्न केलं नाही. लग्न न केलेल्या माणसाचं नाव अशा एखाद्या पत्रिकेतच छापून येतं. दुसरी कुठली पत्रिका त्याच्या वाट्याला यायची नसते. त्यात प्रूफ तपासणारा सख्खा भाऊ. लोकांचे काना-मात्रा सुटत नाहीत आणि आपलं अख्खं नाव सुटतं, यावर काकांचा विश्वास बसेना. ते लग्नाला गेले नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली होती.

"एकदम सेम आहेत रे दोघं," पुतणी म्हणाली. "हे म्हणणार, त्याने यावं. ते म्हणणार, एवढ्याशा गोष्टीवरून लग्नाला न येणारा माणूस, मी का जाऊ? शेवटी मी एक आयडिया केली."

तिने दोघांच्याही कॉम्प्युटरवर बुद्धिबळाची एकच साइट उघडून दिली. पाहुणे म्हणून, कारण नाव नोंदवायला तिकडेही नकारच होता. दोन्ही पाहुण्यांना एकमेकांच्या यादीत घातलं. काकांना सांगितलं, समोर डोंबिवलीचे एक रिटायर्ड गृहस्थ आहेत. बाबांना सांगितलं, ठाण्याचे आहेत. रोज चार वाजता डाव.

पहिल्याच चालीला काकांनी ओळखलं. सुरुवातीलाच कोपऱ्यातलं, हत्तीपुढचं प्यादं दोन घरं पुढे. बुद्धिबळाच्या कुठल्याही हिशोबाने ही वाया घालवलेली चाल. पण त्यांच्या वडिलांनी दोघांना तशीच शिकवली होती, आधी खिडकी उघडावी म्हणून. ही चाल खेळणारे जगात दोनच मूर्ख उरलेत, असं काका मला नंतर म्हणाले. तेव्हा मात्र त्यांनी फक्त आपल्याही कोपऱ्यातलं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. तिकडेही समजलं असणारच. दोघंही पुतणीजवळ काही बोलले नाहीत. तिने विचारलं तर काका म्हणत, "बरे खेळतात गृहस्थ. वजीर फार लवकर बाहेर काढतात." बाबा म्हणत, "ठाण्याचे लोक जरा चिकट."

दोन वर्षं हे रोज चाललं. चार वाजता काका स्वच्छ शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसत. समोरून कोणाला ते दिसणार नव्हते, पण बनियनवर ते कधी बसले नाहीत.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी घरूनच काम करत होतो. चार वाजता मी कॉम्प्युटरसमोर बसायचो, काका काळा चष्मा लावून बाल्कनीकडे तोंड करून बसायचे. मी समोरची चाल सांगायची, त्यांनी आपली सांगायची. सगळा पट त्यांच्या डोक्यात असायचा. तिसऱ्या दिवशीचा डाव संपला नाही. काकांचा राजा पुरता कोंडीत सापडला होता आणि डाव दुसऱ्या दिवसावर गेला. "उद्या मरतोय मी," काका खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणी त्यांना रिक्षाने तपासणीला घेऊन गेली. मी सगळं तयार ठेवावं म्हणून पान उघडलं तर अर्धाच पट आला. हत्ती आहेत, घोडे नाहीत, आणि ते गोल चक्र. म्हटलं, काका यायच्या आत उरकून टाकू. रोज ऑफिसात दहा वेळा करतो ते काम. कॅलेंडरचा कागद समोरच्या भिंतीवर होता, पण तो जोशीकाकूंसारख्यांसाठी. मी आत गेलो, तिन्ही चौकोनांत खुणा केल्या आणि बटण दाबलं.

पान धुतलेल्या फरशीसारखं लख्ख उघडलं.

काका चाराला दहा कमी असताना आले. शर्ट बदलून खुर्चीत बसले.

"काय दिसतंय?"

"अडकलेलं, ते मी साफ केलंय. आता 'पाहुणे, आपलं स्वागत आहे' असं आलंय."

"पाहुणा नंबर किती?"

मी वाचला. तो त्यांचा आकडा नव्हता.

"यादीत कोण आहे?"

"यादी..." तोवर माझ्या लक्षात आलं होतं. "यादी रिकामी आहे काका."

"खुणा किती केल्यास?"

"तीन."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. शाळेत विचारावं तसं त्यांनी विचारलं, "दुसऱ्यात काय असतं?"

"ओळख."

त्यांनी मान हलवली. पुतणी पिशवी हातात घेऊन दारातच उभी होती. डोंबिवलीत आता बाबा पटासमोर बसले असतील, आणि हरायला आलेला डाव टाकून समोरचा पाहुणा पळाला, असं त्यांना वाटणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी बोलणं भाग होतं.

"मी सांगते बाबांना," पुतणी म्हणाली. "चुकून झालंय म्हणून सांगते."

"नको. पत्रिकेच्या वेळी पण तूच आली होतीस सांगायला, चुकून झालंय म्हणून. मला तेव्हाही तुझं खरं वाटलं नव्हतं."

मी म्हणालो, चूक माझी आहे, मी बोलतो.

"मशीन माझं आहे," काका म्हणाले. "फोन लाव."

नंबर त्यांनी पाठ सांगितला. डोंबिवलीच्या घरचा जुना लँडलाइन, अकरा वर्षं न फिरवलेला. काळ्या चष्म्यातून त्यांना बटणं दिसत नव्हती, म्हणून मी माझ्या मोबाइलवरून लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्यासमोर धरला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी."

फोन कटला की काय, म्हणून मी बघितलं. कटला नव्हता.

"चार वाजून गेले," काकांचे दादा म्हणाले. "मला वाटलं, काढलंस मला यादीतून."

"काढलं नाही. साफसफाईत चुकून गेलं नाव." काका थांबले. "जातं चुकून."

"हो," दादा म्हणाले. "जातं."

पुतणी स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे भांड्यांचा आवाज काही आला नाही.

काकांनी विचारलं, "तुझ्यासमोर आता काय दिसतंय?"

"अर्धाच पट दिसतोय. घोडे नाहीत."

"म्हणजे तुझ्याकडेही जुनं पाणी आहे. वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात?"

"उभी की आडवी?"

"उभी."

"तसं सांगावं आधी."

दादा स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचत होते, अगदी न विचारलेलंही. मधल्या एका इंग्रजी वाक्यात पूर्णविराम नाही, हे त्यांनी दोनदा नजरेस आणून दिलं. काका एकदाही घाईत आले नाहीत. तीन चौकोनांपाशी पोचल्यावर त्यांनी खुर्चीचा हात धरला. "तिसरा. दुसऱ्याला हात लावू नकोस दादा."

"दुसऱ्यात काय आहे?"

"इकडे ये कधीतरी, सांगतो. तिसऱ्यात खूण कर."

खूण झाली. घोडे आले. मग नव्या पाहुण्याचा आकडा दादांना सांगायचा होता. काकांनी तो एक-एक अंक करून सांगितला, दादांनी उलटा वाचून पडताळला. आमच्या यादीत एक नाव आलं. जुना डाव अर्थातच गेला होता. "मी जिंकत होतो," असं दादांनी नोंदवलं आणि काकांनी ते मान्य केलं. हे सगळं दहा मिनिटांचं काम होतं. त्या दिवशी पाऊण तास लागला. मधल्या दोन पायऱ्या काकांनी दादांकडून उगीचच पुन्हा करवून घेतल्या, हे मला समजत होतं.

"हे आता उद्याही करावं लागेल का?" दादांनी विचारलं.

एकदा साफ केल्यावर महिनोन्‌महिने त्याकडे बघावं लागत नाही. हे मला माहीत होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं काकांना.

"लागेल," काका म्हणाले. "तुझं मशीन जुनं आहे. रोज करावं लागेल."

"फोनवरच?"

"फोनवरच. एकट्याने करू नकोस, चुकशील."

मी मोबाइल खाली ठेवला. काका चष्म्याआड काय करत होते, मला दिसलं नाही. मला एवढंच म्हणाले, "तू मध्ये बोलला नाहीस, बरं केलंस."

काकांना जाऊन आता दोन वर्षं होत आली, आणि ती इमारतही पाडून झाली. मी डोंबिवलीतच घर घेतलं. माझ्याकडेही अधूनमधून कोणाचा तरी अडकलेला खेळ येतो आणि मी तो घाईघाईने सोडवून देतो. स्टुलावर बसून पाणी मागवायचं मला अजून जमलेलं नाही.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मात्र चाराला दहा कमी असताना काकांचा लँडलाइन वाजला. डोंबिवलीचा नंबर होता. काका आत शर्टाची बटणं लावत होते. मी उचलायला उठलो, तसे ते तसेच अर्धी बटणं लावलेले, भिंतीला हात लावत बाहेर आले.

"राहू दे," म्हणाले. "तुला जमायचं नाही. अवघड केस आहे."